भोंग्यासमोर कोण कुठे उभं होतं: रिचमंड, इंडियाना

इंडियानापोलिसहून आय-७० हायवेने पूर्वेला निघालं की ओहायोची हद्द लागण्याच्या जरासं आधी रिचमंड येतं. अंतर साधारण ११५ किलोमीटर. पलीकडून, म्हणजे डेटनहून, आलात तर ६५. प्रवासी रेल्वे इथे आता थांबत नाही, त्यामुळे गाडी हवीच. शिकागोहून येणाऱ्यांनी घड्याळ एक तास पुढे करावं, कारण रिचमंड ईस्टर्न वेळेत आहे आणि इथलं इतिहासाचं म्युझियम बंद व्हायची वेळ नेमकी त्या एका तासात हुकते.

जॅझच्या ओढीने लोक न्यू ऑर्लिन्सला आणि न्यू यॉर्कला जातात. रिचमंड त्या यादीत क्वचितच असतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. जॅझचे दिग्गज किंग ऑलिव्हर आणि लुई आर्मस्ट्राँग यांचा वाजवलेला पहिला सूर ध्वनिमुद्रणाच्या मेणात उतरला तो इथे. जेली रोल मॉर्टनने एकट्याने वाजवलेला पियानो पहिल्यांदा इथेच ध्वनिमुद्रित झाला आणि बिक्स बायडरबेकच्या कॉर्नेटची, म्हणजे ट्रम्पेटसारख्या आखूड वाद्याची, पहिली तबकडीही इथलीच. हे सगळं जुलै १९२३ च्या पुढेमागे, वर्षभराच्या आत, एका पियानोच्या कारखान्याच्या आवारात झालं.

कारखाना स्टार पियानो कंपनीचा. गावाच्या मधोमध व्हाइटवॉटर नदीने खोल घळ कापली आहे आणि त्या घळीत कंपनीच्या इमारतींची रांग होती. साउथ फर्स्ट स्ट्रीटने खाली उतरलं की गाडी लावायला जागा मिळते. आज तिथे एका मोठ्या इमारतीच्या भिंती उरल्या आहेत आणि वर ‘जेनेट’ हे रंगवलेलं नाव दिसतं. कंपनीच्या मालक घराण्याचं आडनाव जेनेट, तेच त्यांच्या रेकॉर्डच्या लेबलचंही नाव. स्टुडिओची इमारत मात्र राहिलेली नाही. खालच्या पायवाटेवर कलाकारांच्या नावाच्या मोठ्या गोल तबकड्या जमिनीत बसवल्या आहेत, ब्राँझ आणि रंगीत मोझेकच्या. वाट सपाट आहे, सावकाश चाललात तरी अर्ध्यापाऊण तासात होते. थंडीत बर्फ पडला की तबकड्या झाकल्या जातात, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ बरा. पहिल्या खेपेला जमिनीकडे बघत चाला, पण परतताना मान वर करून घळीचा आकार आणि रेल्वेमार्गाची जागा नीट पाहा. इथे झालेल्या रेकॉर्ड तशा का वाजतात, याची निम्मी उत्तरं तिथे आहेत.

स्टुडिओ लांबट, एकमजली लाकडी इमारतीत होता. बाहेरचा आवाज अडवण्यासाठी दुहेरी भिंतींच्या मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा भरलेला होता आणि आतून पडदे, गालिचा टांगलेला. कारखान्याच्या मालगाड्यांची साइडिंग अगदी जवळून जायची. भुसा माणसांचं बोलणं अडवतो, इंजिनाची थरथर अडवत नाही, कारण ती जमिनीतून येते आणि थेट मेण कापणाऱ्या यंत्राला पोचते. म्हणून गाडी आली की काम थांबायचं. सुरू असलेला टेक वाया गेला तर ते मेण फुकट जायचं आणि नवीन तबकडी लावावी लागायची.

त्या वेळी मायक्रोफोन नव्हता, अॅम्प्लिफायर नव्हता. खोलीच्या एका भिंतीतून भोंग्याची रुंद तोंडं बाहेर आलेली आणि पडद्यामागे त्यांची निमुळती टोकं एका पातळ पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला, जोडलेली. वाद्यांच्या आवाजानेच तो डायफ्रॅम हलायचा, त्याला लावलेली कापणी-सुई फिरत्या मेणात खाच पाडायची. मेणाची तबकडी जाडजूड असायची आणि मऊ राहावी म्हणून आधी कपाटात कोमट करून ठेवलेली. खोलीही त्यासाठी गरम ठेवत. मेण गार पडलं तर सुई सफाईने कापण्याऐवजी कपचे काढते आणि तबकडीवर खरखर उमटते. फिरवणारी शक्ती विजेच्या मोटारीची नव्हे, खाली उतरणाऱ्या वजनाची. मोटारीत थरथर असते, वजनाची ओढ एकसारखी असते. दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत. ऑलिव्हरचं बँड शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये एकेक चीज नाचणाऱ्यांसाठी कितीतरी जास्त वेळ फुलवायचं, इथे ती तीन मिनिटांत बसवायची. आणि वाजवलेलं लगेच ऐकून बघायची सोय नव्हती असं नाही, पण ऐकलं की मेणाची खाच खराब व्हायची. ऐकलेला टेक छापायच्या कामाचा राहत नसे.

भोंग्याला वरचे सूरही नीट कळत नव्हते आणि खालचेही. कसलेला भोंगा साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढीच पट्टी पकडायचा. डबल बासचे खर्ज त्याच्या खाली जातात. म्हणून ऑलिव्हरच्या बँडचा बास वाजवणारा बिल जॉन्सन इथे बॅन्जो घेऊन बसला. बेबी डॉड्सचा मोठा ड्रम बाहेर ठेवला गेला, कारण त्याच्या एका ठोक्याने सुई खाचेतून उडून शेजारच्या खाचेत जाते. तो लाकडी ठोकळ्यांवर वाजवतो. या तबकड्या ऐकून ज्यांना वाटतं की १९२३ साली जॅझचा ड्रमर फक्त टकटक करायचा, त्यांनी हे लक्षात घ्यावं: ती टकटक भोंग्याची मर्यादा आहे, डॉड्सची नव्हे.

ही सेशन्स ५ आणि ६ एप्रिल १९२३ ची. कॉर्नेटवर ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँग, ट्रॉम्बोनवर ओनोरे डुट्रे, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, पियानोवर लिल हार्डिन, मग जॉन्सन आणि बेबी डॉड्स. दोन दिवसांत नऊ बाजू प्रसिद्ध करण्याजोग्या निघाल्या. सगळे भोंग्याजवळ उभे राहिले तर आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटखाली ऑलिव्हर गडप होत होता. मिक्सरची दांडी खाली ओढायची सोय नसल्यावर आवाज कमी करायचा एकच उपाय, माणूस मागे सरकवायचा. लिल हार्डिनने पुढे सांगितलं आहे की आर्मस्ट्राँगला १२-१५ फूट मागे उभं केलं होतं. तेव्हा तो बँडमधला दुसरा कॉर्नेट होता, पहिला मान ऑलिव्हरचा.

आता ‘चाइम्स ब्लूज’ ऐका. शेवटाकडे आर्मस्ट्राँग दोन आवर्तनं, म्हणजे चार-चार मात्रांचे २४ बार, एकटा वाजवतो. रेकॉर्डवरचा हा त्याचा पहिला सोलो. त्यात उत्स्फूर्त असं फार नाही, बसवलेली धून आहे, पण प्रत्येक सूर ज्या वजनाने उतरतो त्यावरून तो ओळखू येतो. उलट ‘डिपर माउथ ब्लूज’मध्ये ऑलिव्हर अगदी भोंग्याच्या तोंडाशी आहे. म्यूटवर, म्हणजे वाद्याच्या तोंडावरच्या झाकणावर, हात उघडझाप करत तो तीन आवर्तनं वाजवतो, आणि कॉर्नेट रडवेली व्हायची ती रीत पुढच्या पिढीतल्या असंख्य ट्रम्पेटवाल्यांनी सुरासुरासकट उचलली. शेवटी बँड थांबतं आणि कुणीतरी ओरडतं, “ओ, प्ले दॅट थिंग!” तो आवाज जॉन्सनचा. त्या जागी बेबी डॉड्सला काही वाजवायचं होतं, तो विसरला आणि जॉन्सनने ओरडून पोकळी भरली, असं बेबी डॉड्सनेच नंतर सांगितलं. टेक तसाच ठेवला गेला आणि पुढे ती चीज वाजवणाऱ्यांनी ते ओरडणंही चिजेचा भाग मानलं. या सगळ्यात जॉनी डॉड्सची क्लॅरिनेट वाजवीपेक्षा पुढे ऐकू येते आणि लिलचा पियानो जवळजवळ हरवलेला. क्लॅरिनेटचा पल्ला भोंग्याला नेमका मानवतो, पियानोचा आवाज मात्र खोलीत विखरून जातो.

आपल्याकडेही हेच यंत्र होतं. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानने गायलं ते अशाच भोंग्यात, बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्याही मायक्रोफोन येण्याआधीच्या. त्या ऐकायची सवय असलेल्या कानाला रिचमंडच्या रेकॉर्ड कठीण जात नाहीत. तबकडीला लागणारी लाखही भारतातून, मुख्यतः छोटा नागपूरच्या बाजूने, कोलकाता बंदरातून जगभर जायची. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरची ती लाख.

त्या काळाची दुसरी बाजू घळीतल्या तबकड्यांवर दिसत नाही. इंडियानात तेव्हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेचा जोर प्रचंड होता. ४ जुलै १९२३ ला कोकोमो गावात त्यांची अवाढव्य सभा झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ आणि १८ जुलैला, जेली रोल मॉर्टन न्यू ऑर्लिन्स ऱ्हिदम किंग्ज या गोऱ्या बँडबरोबर इथे वाजवून गेला. वंशभेद ओलांडून एकत्र केलेल्या जॅझ ध्वनिमुद्रणांपैकी हे अगदी सुरुवातीचं. आणि हीच कंपनी रोख पैसे घेऊन क्लॅनच्या तबकड्याही छापून देत होती. दोन्ही गोष्टी एकाच आवारात घडल्या. इथे येणाऱ्याने दुसरी गोष्ट विसरू नये असं मला ठामपणे वाटतं.

घरी परतून या रेकॉर्ड ऐकताना थोडी काळजी घ्यावी लागते. जेनेटच्या तांब्याच्या मूळ मास्टर प्लेट बहुतेक भंगारात गेल्या, त्यामुळे आज मिळणारं सगळं जुन्या झिजलेल्या तबकड्यांवरून उतरवलेलं आहे आणि प्रतीप्रतीत जमीनअस्मानाचा फरक पडतो. स्वस्तातली, खरखर पुसून काढलेली आवृत्ती टाळा. खरखरीबरोबर कॉर्नेटची धारही पुसली जाते. मूळ तबकडी हाती आलीच तर एलपीची सुई लावू नका. ती साधारण १८ मायक्रॉनची असते, रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि फक्त कचरा वाजवते. ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई घ्या, दोन्ही चॅनल जोडून मोनो करा आणि प्रीअॅम्पमधलं एलपीचं इक्वलायझेशन, म्हणजे खर्ज-तार सुरांची ठरावीक भरपाई, बंद ठेवा, कारण ते या रेकॉर्डिंगमध्ये मुळात नव्हतंच. वेगही तपासा. लेबल काहीही सांगो, वजनावर फिरणारी यंत्रं मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांवर फिरत नसत. साडेचार फेऱ्यांचा फरक म्हणजे जवळजवळ पूर्ण अर्धस्वर, पांढरी एकची चीज काळी एकमध्ये जाते आणि कॉर्नेटचा आवाज अकारण कोवळा वाटू लागतो.

वेळ असेल तर वेन काउंटीच्या इतिहास संग्रहालयात स्टारचे पियानो बघता येतात. बिक्सच्या चाहत्यांनी १८ फेब्रुवारी १९२४ ची ‘फिजेटी फीट’ आणि ‘जॅझ मी ब्लूज’ घळीतच हेडफोन लावून ऐकावी. संगीतकार होगी कारमायकलने ‘स्टारडस्ट’ पहिल्यांदा इथेच ध्वनिमुद्रित केलं, ३१ ऑक्टोबर १९२७ ला, शब्दांशिवाय आणि आज आपण ऐकतो त्याहून बऱ्याच चढ्या लयीत.

परतीला आय-७० सोडून जुन्या यूएस-४० रस्त्याने पश्चिमेला सेंटरव्हिल आणि केंब्रिज सिटीकडून जा. या पट्ट्यात जुन्या वस्तूंची दुकानं भरपूर आहेत आणि ७८च्या थप्प्या कोपऱ्यात पडलेल्या असतात. ऑलिव्हरचं बँड ऑक्टोबर १९२३ मध्ये पुन्हा रिचमंडला आलं होतं. त्यातली ‘झुलूज बॉल’ आणि ‘वर्किंगमन ब्लूज’ ही तबकडी संग्राहकांना एकाच प्रतीवरून माहीत आहे. लेबल निळं, अक्षरं सोनेरी, क्रमांक जेनेट ५२७५. थप्पी चाळताना तबकडी कडेला धरून उचला, तुटक्या कडा हाताला लागतात, आणि प्रत्येक निळ्या लेबलवरचा क्रमांक वाचा.