जांभा, चिखल आणि दव: सायकलिंगचं सामान निवडताना

बेळगावातून सायकल काढून पश्चिमेला जांबोटीच्या रस्त्याला लागलं की तांबडी माती आणि जांभा. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी रानं. गोकाकला घटप्रभेच्या ५२ मीटरच्या धबधब्याभोवती खरखरीत वालुकाश्म. एकाच जिल्ह्यात इतक्या तऱ्हेची जमीन आहे. सायकलिंग आणि कॅम्पिंगच्या सामानाचे सल्ले मात्र मला जिथे तिथे थंड, कोरड्या डोंगरांचेच मिळत गेले. आपल्याकडचा पाऊस, घाम आणि दव त्यात जवळजवळ नसतातच. म्हणून मी आणि माझ्या भाच्यानं सामान कसं जमवलं ते सविस्तर लिहितोय. खानापूर, चंदगड भागात फिरणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

मी उद्यमबागेत फाउंड्रीत क्वालिटीला असतो. तिथे कुठलंही संरक्षक साहित्य घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा असतो: धोका कुठला, आणि तो कुठल्या बाजूनं येणार? रस ओतणाऱ्याला पायावर आच्छादन लागतं, ग्राइंडिंगवाल्याला डोळ्यांवर. हीच सवय मी इथे लावली. भाचा दहावी होऊन नुकताच कॉलेजला लागलेला. त्याच्याकडे मोबाइलमध्ये खरेदीची मोठी यादी तयारच होती. मी म्हटलं, यादी ठेव बाजूला, आधी माणूस कसकसा पडतो ते लिही. मग लिहायला बसलो. उतारावर पुढचा ब्रेक जोरात लागून हँडलवरून पुढे. शेवाळलेल्या जांभ्यावर चाक सरकून आडवं. चढावर वेग संपून उभ्याउभ्या कुशीवर. पायवाटेवर करवंदाच्या जाळीत. एवढं लिहून झाल्यावर कशावर आधी पैसे घालायचे ते आपोआप ठरलं: डोकं, तळहात, गुडघे. बाकी सगळं त्यानंतर.

हेल्मेटला सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा. भाच्याची आई, म्हणजे माझी अक्का, तिचं पहिलं म्हणणं, "घरात मोटारसायकलचं हेल्मेट आहे की, परत कशाला नवं?" प्रश्न रास्त होता. मोटारसायकलचं हेल्मेट आयएस ४१५१ या मानकाचं असतं, ते मोठ्या वेगाच्या धडकेसाठी. वजन किलोभराच्या वर, आणि हवा जवळजवळ खेळत नाही. कणकुंबीकडचा चढ पायानं मारताना ते डोक्यावर राहणारच नाही, आणि काढून हँडलला अडकवलेल्या हेल्मेटचा उपयोग शून्य. कारखान्यातलं पिवळं हेल्मेट तर मुळीच नको. ते आयएस २९२५ चं, वरून काही पडलं तर डोकं वाचवायला केलेलं. सायकलवरून आपणच जमिनीवर पडतो, आणि मार बहुधा कपाळाला, कानशिलाला किंवा मागच्या बाजूला बसतो.

सायकलच्या हेल्मेटच्या आतल्या लेबलवर युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी, यातलं एक तरी शोधायचं. ईएन १०७८ च्या चाचणीत धातूच्या डोक्यावर हेल्मेट घालून ते सपाट ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगानं आपटतात, म्हणजे सुमारे दीड मीटरवरून पडल्यासारखं. आतल्या डोक्याला बसणारा झटका २५० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटीच्या, आत राहावा लागतो. सीपीएससीत सपाट ऐरणीसाठी उंची २ मीटर आणि मर्यादा ३०० जी. हे आकडे भाच्याला मी मुद्दाम समजावले, कारण त्यातून हेल्मेटची ताकद जशी कळते तशी तिची हद्दही कळते. सायकलवर बसलेल्याचं डोकं जितक्या उंचीवर असतं, साधारण तेवढ्याच उंचीवरून पडण्याची ही परीक्षा आहे. हेल्मेट घातलं म्हणून चोर्ल्याचा घाट सुसाट उतरायची परवानगी त्यात नाही.

दुकानात एका हेल्मेटवर नुसताच 'सेफ्टी टेस्टेड' असा चकचकीत स्टिकर होता. मानकाचा क्रमांक कुठेच नव्हता. रंग भाच्याला फार आवडला होता, तरी परत ठेवलं. आमच्याकडे बिनक्रमांकाचा माल आत घेत नाहीत, आणि डोक्यासाठी वेगळा नियम का असावा?

मापासाठी शिंप्याची टेप भुवयांच्या किंचित वरून डोक्याभोवती फिरवली. माझं ५७ सेंटीमीटर, त्याचं ५४. पण एकाच मापाची दोन हेल्मेटं दोन डोक्यांवर वेगळी बसतात, कारण कुणाचं डोकं लांबट तर कुणाचं गोल. म्हणून घालून बघणं आलंच. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर, पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानाच्या खाली, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच ढील. मग पट्टा न लावता मान हलवायची. हेल्मेट डोक्याबरोबर हललं, कपाळाची कातडीही थोडी ओढली गेली, तर माप बरोबर.

पूर्ण चेहरा झाकणारं घ्यावं का, यावर आमची बरीच चर्चा झाली. उंच उड्या आणि नुसते उतार करणाऱ्यांनी ते घ्यावंच. आमच्या वाटा मात्र निम्म्याहून जास्त चढाच्या आणि दमट. म्हणून मागची बाजू मानेपर्यंत खाली उतरलेली, ट्रेलसाठीची अर्धी हेल्मेटं घेतली. भाच्याच्या हेल्मेटला आत सरकणारं मिप्सचं अस्तर आहे. तिरकं आपटल्यावर डोक्याला जो पीळ बसतो तो कमी व्हावा म्हणून हे अस्तर थोडं सरकतं. दोघांसाठी घेण्याएवढं बजेट नव्हतं, मग त्याच्यासाठी घेतलं. आणि हेल्मेट कधीही जुनं, वापरलेलं घेऊ नये. आतला थर्माकोलसारखा फोम एकदा दबला की परत फुगत नाही. वरून तडा दिसत नसला तरी आतून त्याचं काम संपलेलं असू शकतं. तंबू जुना चालतो, पॅनिअर (कॅरिअरला अडकवायची पिशवी) जुनी चालते, हेल्मेट नाही.

हातमोज्यांचं लवकर उरकलं. पडताना माणूस आधी हात टेकतो, आणि जांभ्याच्या भोकाभोकांच्या कडा तळहात सोलून काढतात. फाउंड्रीतले चामड्याचे मोजे मजबूत, पण त्यात ब्रेकची लिव्हर बोटाला कळत नाही. आणि ब्रेक एका-दोन बोटांनी हळुवार लावता आला पाहिजे, नाहीतर मोज्यांमुळेच पडायची वेळ येईल. तळव्याला पातळ कृत्रिम चामडं आणि वरून जाळी असलेले घेतले. बोटं पूर्ण झाकलेली हवीतच. घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्यांतून जाणाऱ्या वाटेवर अर्ध्या बोटांचे मोजे कामाचे नाहीत.

नीपॅडमध्ये दोन जाती. एकीत वर कडक प्लास्टिकची वाटी, दुसरीत मऊ फोम. हा फोम एरवी लवचिक असतो आणि आपटल्याक्षणी घट्ट होतो. डीथ्रीओ हे त्यातलं प्रसिद्ध नाव. लेबलवर ईएन १६२१-१ बघायचं. ते मुळात मोटारसायकलस्वारांसाठीचं मानक आहे, पण सायकलच्या बऱ्याच पॅडवरही असतं. त्यात लेव्हल १ आणि लेव्हल २ असतात. लेव्हल २ मधून मार कमी आत पोचतो, पण पॅड जाड आणि गरम. आम्ही मऊ फोमचे, लेव्हल १ चे घेतले, ते दिवसभर पायात राहावेत म्हणून. मांडीचा घेर मोजून माप काढलं, आणि घरी आणल्यावर लेबल न फाडता ते घालून जिना चढ-उतार करायला लावला. पहिल्या जोडीला भाचा म्हणाला, "मामा, चार पायऱ्यांत खाली आलं बघ." लगेच बदलून एक माप लहान घेतलं. पडायच्या क्षणी पोटरीवर उतरलेला पॅड गुडघा वाचवत नाही. लांब चढ असेल तेव्हा आम्ही स्वतःच ते घोट्यापर्यंत खाली करतो आणि माथ्यावर थांबून परत वर ओढतो. हे थांबणं नेमानं करायचं.

चष्मा पारदर्शक काचेचा घ्या. जंगलातल्या सावलीत काळ्या काचेतून मूळ आणि दगड वेगळे दिसत नाहीत.

काळ्या मातीबद्दल वेगळं सांगायला हवं. पावसात बैलहोंगलकडच्या शिवारात सायकल घातली की चिखल टायरला चिकटत जातो, मग फ्रेममध्ये दाटतो, आणि चाक फिरायचंच थांबतं. यावर विकत मिळणारा कुठलाही उपाय नाही. जून ते ऑक्टोबर त्या रानात जायचंच नाही, हाच उपाय. तिकडे उन्हाळी दिवसांत जावं. तेव्हा बाभळीचे काटे असतात, पण ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरलं की बारीक भोकं चालताचालता बुजतात.

पावसाळ्यातलं आपलं रान म्हणजे पश्चिमेचं. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, जुलैत पाऊस असा धरतो की थांबायचं नाव घेत नाही. तिथल्यासाठी रेनकोट शोधताना १०,००० मिलिमीटर, २०,००० मिलिमीटर असे आकडे दिसतात. कापड पाण्याचा किती दाब सोसतं ते त्यातून कळतं. पण चढावर पायडल मारणारा माणूस बाहेरच्या पाण्यानं नाही भिजला तरी आतल्या घामानं भिजतोच. हवेत ओल एवढी असते की 'ब्रीदेबल' कापडालाही घाम बाहेर टाकायला जागा राहत नाही. भातलावणीतलं इरलं बघा: पाठीवरून पाणी वाहून जातं आणि खालून वारा खेळतो. जॅकेट त्या गुणाचं पाहिजे. म्हणून काखेत झिप असलेलं, मागून लांब, हलकं जॅकेट घेतलं. आत पॉलिएस्टरचा टी-शर्ट. सुती कपडा अंगावर नको, तो भिजला की वाळत नाही आणि उतारावर वारा लागला की हुडहुडी भरते. दिवसा भिजायचं हे गृहीतच धरलंय. रात्रीचा एक कोरडा जोड मात्र गुंडाळून बंद होणाऱ्या ड्रायबॅगमध्ये असतो, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी खिशात.

पाठीवरच्या सॅकबद्दल अक्कालाही पटलेली एक गोष्ट: तिच्यात मणक्याच्या बाजूला पंप, पाने असं कडक काही ठेवायचं नाही. पाठीवर पडलो तर तेच रुततं. हत्यारं फ्रेमला बांधलेल्या पिशवीत, सॅकमध्ये मऊ कपडे आणि पाणी.

तंबू आम्ही पावसाळ्यासाठी घेतलाच नाही. तंबूतला मुक्काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. त्या दिवसांत पाऊस नसतो, पण दव असं पडतं की सकाळी तंबूवरून पागोळ्या गळतात. आपल्या श्वासाची वाफही आतून कापडाला धरते. एकेरी कापडाच्या तंबूत ते पाणी अंगावर येतं. म्हणून दुहेरी भिंतीचा, आत जाळी आणि वर वेगळं फ्लाय (बाहेरचं आच्छादन) असलेला, दोन्ही टोकांना झडपा असलेला घेतला. तळाचं कापड ३,००० मिलिमीटरचं. गच्चीवर उभा करून बागेच्या पाइपनं त्यावर पाणी सोडलं आणि शिवणीवरून बोट फिरवून पाहिलं. दुसरं म्हणजे तो खुंट्यांशिवाय उभा राहिला पाहिजे. जांभ्याच्या सड्यावर खुंटी बोटभरही जात नाही. दोर दगडांना बांधायचे, त्यासाठी सुतळीपेक्षा जाड अशी जास्तीची दोरी बरोबर ठेवली.

स्लीपिंग बॅगवरचा आकडा नीट वाचावा. कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम अशी तीन तापमानं असतात, आणि मोठ्या अक्षरात बऱ्याचदा सगळ्यात थंड तेवढं छापतात. आपण कम्फर्टच बघायचं. आपल्याकडच्या थंडीला १० अंश कम्फर्टची बॅग पुरते, उणे तापमानाची जड बॅग सायकलवर वाहून काय करायची? उरलेल्या पैशांत खाली घालायची चांगली मॅट घ्या, कारण अंगाखाली दबलेली बॅग ऊब धरत नाही आणि रात्री थंडी जमिनीतूनच येते.

मुक्कामाची जागा हीसुद्धा संरक्षणाचीच बाब आहे. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू टाकायचा नाही. गवे आणि अस्वलं त्या हद्दीबाहेरही फिरतात. आम्ही ओळखीच्यांच्या काजूच्या बागेत, घराला हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर उतरतो. स्वयंपाक तंबूपासून लांब करतो, खाण्याचं काही आत ठेवत नाही, आणि अंधार पडल्यावर सायकल चालवत नाही. हेडलॅम्प आहे, पण तो मुक्कामावर वावरायला.

घरी परतलं की निम्मं काम तिथून पुढे असतं. तंबू त्याच दिवशी सावलीत वाळत घालायचा. ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते आणि आतला वॉटरप्रूफ थर चिकट होऊन सुटायला लागतो. पॅड आणि हेल्मेटचं अस्तर साध्या साबणानं हातानं धुवायचं. हेल्मेट गाडीच्या डिकीत उन्हात तापत ठेवायचं नाही, फोम त्यानं खराब होतो. भाच्याचं डोकं अजून वाढायचं आहे, म्हणून दर जूनला टेप घेऊन त्याचं माप परत घ्यायचं ठरलंय.