आबाजींची वेस्टली

आमच्या घरी बंदुकीला बंदूक कोणी म्हणत नाही, वेस्टली म्हणतात. वेस्टली पुसली का, निवडणूक लागली वेस्टली ठाण्यात जमा करा, असं. मी लहान होतो तेव्हा मला वाटायचं वेस्टली म्हणजे घरातल्या कोणा म्हातारीचं नाव आहे, कारण तीही गोधडीत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवलेली आणि तिला हात लावायचा नाही.

गाव आमचं वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाटकडचं. पणजोबांकडे थोडी मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, होती, ती 1951 ला गेली, उरली ती जमीन, एक पडका वाडा आणि ही दुनळी. आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, ती स्वातंत्र्यानंतर एका साहेबाकडून घेतली म्हणे, साहेब विलायतेला परत चालला होता आणि देताना त्याच्या डोळ्यात पाणी आलं. (आपल्याकडे ज्याच्या ज्याच्या घरी जुनी बंदूक आहे त्याचा साहेब रडलेलाच असतो, मी चार घरी हीच गोष्ट ऐकली.) आता लायसन मोठेबाबांच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या, नावानं आहे, पीक संरक्षणाचं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार वगैरे विषयच नाही, हरभऱ्यात रानडुकरं घुसली की धुऱ्यावरून हवेत एक बार, बस तेवढंच काम.

तर झालं असं की मागच्या निवडणुकीनंतर बंदूक ठाण्यातून परत आली ती गंज घेऊन आली. मोठेबाबांनी ओसरीवर पोतं अंथरलं आणि खोलायला बसले, मी मोबाईलचा टॉर्च धरून बाजूला. पुढचं लाकूड खटकन काढलं, वरची किल्ली अंगठ्यानं बाजूला सारली, नळ्या खाली झुकवल्या की आकड्यातून सुटून हातात येतात. मग त्यांनी त्या उलट्या केल्या. आणि मी पहिल्यांदा नळ्यांची खालची बाजू बघितली, मागच्या टोकाला जिथे त्या सपाट घासलेल्या असतात ती जागा. सत्तर वर्षांचं तेल आणि मळ साचलेला. कानात घालायच्या कापसाच्या काडीला रॉकेल लावून पुसलं, टॉर्च आडवा धरला तर हळूहळू एक अंडाकृती शिक्का दिसायला लागला, वर मुकुट, आत तीन अक्षरं. ई एल जी.

माझ्या पोटात तेव्हाच गोळा आला, कारण मी दोन-तीन वर्षं या जुन्या बंदुकांच्या नादात आहे आणि ई एल जी म्हणजे बेल्जियम, लीज शहर. आमची बंदूक वेस्टली रिचर्ड्सची असं घरी समजत, आणि ती बंदुका बनवणारी कंपनी तर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. तिथे बेल्जियमचा शिक्का कशाला असेल?

जरा मागून सांगतो. युरोपात बंदुकीची नळी विकायच्या आधी सरकारमान्य प्रूफ हाऊसमध्ये न्यावी लागायची, तिथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा, नळी फुटली नाही तरच शिक्का. लंडनला जुनं प्रूफ हाऊस होतंच, बर्मिंगहॅमला 1813 ला झालं, लीजचं वेगळं. शिक्का हा नळीच्या खाली, लाकडाच्या आत झाकलेला, गिऱ्हाईकाला दिसतच नाही. वरच्या पट्टीवर जे सुंदर नाव कोरलेलं असतं ते दुकानदार काहीही कोरून घेऊ शकतो, खालचा शिक्का मात्र तो बदलू शकत नाही. म्हणून जुनी बंदूक ओळखायची तर आधी उलटी करा, नाव शेवटी वाचा.

आणि नाव पण आम्ही नीट वाचलं नव्हतं हो. मी पट्टी पुसली. तिथे वेस्टली नव्हतंच. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ एवढंच होतं. सत्तर वर्षं सगळ्यांनी त्या डब्ल्यूचा वेस्टली केला.

ही काय आमच्याच घरची चूक नाही, ती तशीच व्हावी म्हणूनच ते नाव घातलेलं असायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लीजमध्ये स्वस्त दुनळ्या ढिगानं बनायच्या आणि त्यावर मोठ्या इंग्रजी कारखान्याच्या नावासारखं वाटेल असं नाव टाकून जगभर पाठवायच्या, अमेरिकेत तर डब्ल्यू. रिचर्ड्स नावाच्या बेल्जियन बंदुका खूप खपल्या. आपल्या बाजारात कसे जोडे मिळतात, लांबून कंपनीचे दिसतात आणि जवळून एक अक्षर जास्त असते, तसंच. लीजचे कारागीर वाईट होते असं मात्र समजू नका, चांगल्या बंदुका पण तिथेच व्हायच्या, नाव उसनं घ्यायची सवय विकणाऱ्यांची.

खरी वेस्टली रिचर्ड्स म्हणजे काय चीज होती तेही सांगतो. 1812 ची कंपनी. त्यांच्याकडे अ‍ॅन्सन आणि डीली असे दोघं होते, त्यांनी 1875 ला एक अ‍ॅक्शन काढली, म्हणजे बार उडवायचं यंत्र, ज्यात काडतुसावर आपटणारे घोडे बाहेर नाहीतच, पेटीच्या आत, आणि नळ्या खाली झुकवल्या की त्या झुकण्यानंच आतले घोडे आपोआप चढतात. याला बॉक्सलॉक म्हणतात. इतकं साधं आणि मजबूत की आजही जगातल्या किती तरी दुनळ्या त्याच तत्त्वावर बनतात. दुसरा प्रकार साइडलॉक, त्यात दोन्ही बाजूला लांबट पानासारख्या पत्र्या असतात आणि सगळं यंत्र त्या पत्रीच्या आतल्या अंगाला बसवलेलं. लंडनची पर्डी कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तेच येतं. जेम्स पर्डीनं 1814 ला दुकान टाकलं, त्याआधी तो जोसेफ मॅन्टनकडे कामाला होता. हा मॅन्टन म्हणजे त्या काळचा सगळ्यात नामी बंदूकवाला आणि तरी 1826 ला त्याचं दिवाळं निघालं. पत्री आहे म्हणजे साइडलॉक एवढ्यावर मात्र जाऊ नका, काही बॉक्सलॉकला शोभेसाठी खोटी पत्री लावलेली असते. खरीला आतल्या यंत्राच्या खिळ्यांची टोकं बाहेर दिसतात.

आपल्याकडच्या जुन्या घरांत खरी इंग्रजी बंदूक निघालीच तर पट्टीवर बरेचदा कलकत्त्याच्या दुकानाचं नाव असतं, मॅन्टन अँड कंपनी किंवा आर. बी. रोडा. हे रोडा म्हणजे तेच, ज्यांचा माल 26 ऑगस्ट 1914 ला बंगालच्या क्रांतिकारकांनी पळवला, 50 माउझर पिस्तुलं आणि 46,000 काडतुसं. आर्वीकडच्या एका मित्राच्या घरी रोडाची दुनळी आहे, नळ्या उलट्या केल्या तर मुकुटाखाली बी पी, बी व्ही आणि एन पी. तिन्ही अक्षरं बर्मिंगहॅमची, 1904 नंतरची. म्हणजे बनली बर्मिंगहॅमला, नाव कलकत्त्याचं. तिथे फसवाफसवी नाही, दुकानदार आपलं नाव घालून माल बनवून घ्यायचा, तेव्हाची रीतच होती ती. मित्राला वाईट वाटलं पण मला त्याचा हेवा वाटला, त्या एन पी मुळे. एन पी म्हणजे नायट्रो प्रूफ, बिनधुराच्या, म्हणजे आताच्या काडतुसांतल्या, दारूसाठी तपासलेली नळी.

आमच्या नळ्यांवर मी पुन्हा पुन्हा बघितलं. लीजला नायट्रोचा शिक्का सिंहाचा असतो, खाली पी व्ही. सिंह नाही. मुकुटवाला अंडाकृती म्हणजे 1893 नंतरची हे नक्की, पण तपासणी जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूचीच. त्यात गंज घासल्यावर नळीवर बारीक बारीक लाटा दिसायला लागल्या, पाण्यात तेल सांडल्यासारख्या. मोठेबाबा म्हणाले, ‘‘हे पाय, नक्षी किती मस्त हाय!’’ ती नक्षी नव्हती. ती डमास्कस नळी होती. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र तापवायच्या, दोरीसारखा पीळ द्यायचा, मग तो पीळ एका गजाभोवती गुंडाळून ठोकून ठोकून एकजीव करायचा. दिसायला फार देखणं काम, पण अशी नळी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा जोडच जोड. आतून कुठे गंज शिरला तर बाहेरून कळत नाही. आणि नुसती नळी नाही, काडतुसाची लांबी पण आहे. जुन्या बाराबोरचं काडतूस बसायचं घर बरेचदा अडीच इंच, म्हणजे साधारण 65 मिलिमीटरचं असतं आणि आताची बरीच काडतुसं 70 ची. बंद काडतूस आत आरामात बसतं, पण उडाल्यावर तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो.

(बाराबोर का म्हणतात हे मोठेबाबांना माहीत नव्हतं, पन्नास वर्षं लायसन बाळगून. एक पाउंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एक गोळी जेवढी जाड तेवढी नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून सोळा बोर बाराबोरपेक्षा बारीक.)

मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मधेच नळीतून आकाशाकडे बघत होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आबाजीले फसवलं काय त्या साहेबानं?’’

म्हटलं साहेबाला पण माहीत नसेल.

‘‘मंग तो रडला काहून?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोठीमाय चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, ‘‘पैसे कमी भेटले म्हणून रडला असंन,’’ आणि आत गेली.

लायसनच्या पुस्तकात बंदुकीचा मेक वेस्टली रिचर्ड असाच लिहिलेला आहे, कोणत्या तरी बाबूनं कधी तरी तोंडी ऐकून लिहिला आणि दर रिन्यूवलला पुढच्यानं तोच उतरवला. मी म्हटलं दुरुस्त करून घेऊ. मोठेबाबा म्हणाले नंबर बरोबर हाय न, मंग राहू दे, त्या एका अक्षरासाठी मले वर्ध्याच्या दहा चकरा मारायला लावशीन. पण एक गोष्ट त्यांनी ऐकली. पट्ट्यात खडकीच्या फॅक्टरीची सात काडतुसं उरली होती, ती काढून वेगळी ठेवली. नळ्यांना आतून-बाहेरून तेल लावलं, गोधडीत गुंडाळलं.

आता जागलीला जाताना ते सुतळी बॉम्ब नेतात. परवा रात्री फोन आला, मागे कुत्रे भुंकत होते. डुकरं पळाली म्हणे. मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘पण वेस्टलीच्या आवाजाची मजा नाई येत बे.’’