मालवाहू यान, टप्पा तिसरा: प्रकाशयोजना

अंतराळयानाचं थ्रीडी मॉडेल आणि टेक्स्चर पूर्ण झाले, आता फक्त दिवे. यान ४२० मीटर लांब, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या मापात बांधलेलं (१ युनिट म्हणजे १ मीटर), रेंडर (अंतिम चित्र काढणं) त्याच्याच सायकल्स इंजिनवर. अंतिम चौकट ३८४० पिक्सेल रुंद आणि यान ती पूर्ण व्यापतं, म्हणजे एक पिक्सेल साधारण ११ सेंटीमीटरचा. पुढचे सगळे निर्णय या ११ सेंटीमीटरवर ठरले.

कवचावरच्या पॅनेलमधल्या पायऱ्या २ सेंटीमीटर उंच आहेत. सूर्य ४५ अंशांवरून आला तर अशा पायरीची सावलीही २ सेंटीमीटरचीच पडते, पिक्सेलच्या पाचव्या हिश्श्याएवढी, आणि सगळं बारीक काम वाहून जातं. सूर्य कवचाला १० अंशांनी घासून गेला की तीच सावली साडेपाच पटींहून लांब होते, म्हणजे ११ सेंटीमीटर. पॅनेल तिथे उमटतात. यासाठी पायरी खऱ्या मेशची (मॉडेलच्या भौमितिक जाळीची) किंवा डिस्प्लेसमेंटची (ही जाळी प्रत्यक्ष उचलण्याची) हवी. बम्प किंवा नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचा नुसता भास देणारी चित्रं) फक्त छटा बदलतात, सावली टाकत नाहीत. तिरप्या उन्हात हा फरक लगेच उघडा पडतो.

सन लाइटची स्ट्रेंग्थ ५, अँगल ०.५३ अंश. पृथ्वीजवळून सूर्य एवढाच दिसतो. अडथळ्यापासून १० मीटर दूर पडलेल्या सावलीची धूसर कड यामुळे ९ सेंटीमीटरची राहते, पिक्सेलपेक्षा कमी. अँगल ११ अंश केला तर हीच कड जवळपास २ मीटर होते आणि अख्खं यान टेबलावरच्या खेळण्याएवढं वाटू लागतं. सावली मऊ केल्याने चित्र सुंदर होतं हे स्टुडिओतल्या छायाचित्रणात खरं. इथे ते माप मारून टाकतं.

आता ग्रहाचा परतलेला प्रकाश. खरी गंमत इथे आहे. तिरप्या उन्हाची किंमत मोजावी लागते: १० अंशांवर यानाच्या बाजूला पूर्ण उन्हाच्या फक्त १७ टक्के प्रकाश पोहोचतो. यान ४०० किलोमीटर उंचीवर ठेवलं आणि सूर्य जवळपास डोक्यावर असला, तर पृथ्वी (परावर्तन सुमारे ०.३) त्याच उभ्या बाजूवर साधारण ९ टक्के प्रकाश टाकते. म्हणजे ऊन आणि भरणीचा प्रकाश यांचं प्रमाण जेमतेम २:१. पॅनेलच्या सावल्या भरून निघतात आणि १० अंशांचा सगळा फायदा जातो. तिरपं ऊन आणि खालची कक्षा एकत्र नांदत नाहीत.

म्हणून यान पृथ्वीच्या त्रिज्येएवढ्या उंचीवर, सुमारे ६,४०० किलोमीटरवर नेलं. तिथून पृथ्वीची तबकडी ६० अंशांची दिसते, उभ्या बाजूवर तिचा प्रकाश १ टक्क्याच्या आत येतो आणि प्रमाण २०:१ होतं. पोटाला मात्र पूर्ण उन्हाच्या साडेसात टक्के मिळतात, त्यामुळे खालचे पाइप आणि टाक्या काळ्याकुट्ट होत नाहीत. हा तोल मला सगळ्यात आवडला.

ही तबकडी वर्ल्ड शेडरमध्येच (दृश्याभोवतालच्या पार्श्वभूमीच्या मांडणीत) बनवली आहे. टेक्स्चर कोऑर्डिनेट नोडचं जनरेटेड आउटपुट घ्यायचं, (०, ०, -१) या दिशेशी डॉट प्रॉडक्ट (दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा गुणाकार) करायचा, ०.८६६ (३० अंशांची कोसाइन, म्हणजे ६० अंशांच्या तबकडीची कड) पेक्षा मोठ्या भागाला प्रकाश द्यायचा, बाकी शून्य. स्ट्रेंग्थ ०.४८, कारण ०.३ (पृथ्वीचं परावर्तन) गुणिले ५ (सूर्याची स्ट्रेंग्थ) भागिले π. रंग किंचित निळसर. लाइट पाथ नोडच्या 'इज कॅमेरा रे'ने ती कॅमेऱ्यापासून लपवायची. पण प्रतिबिंबात दिसू द्यायची. पॅनेलगणिक रफनेस (पृष्ठाचा खरखरीतपणा) ०.३५ ते ०.६ असा बदलता ठेवला की पोटावरचं तिचं प्रतिबिंब तुकड्यातुकड्यांत तुटतं, आणि हे रंग बदलण्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं.

एक्स्पोजर +२ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट), व्ह्यू ट्रान्सफॉर्म (उजेडाचं पडद्यावरच्या रंगांत रूपांतर) एजीएक्स. वरचा पूर्ण उन्हातला भाग त्यामुळे बराच उजळतो, पण एजीएक्स तो सांभाळून घेतं. तारे नाहीत. उन्हातल्या कवचावर एक्स्पोजर लावलं की तारे दिसतच नाहीत, चंद्रावरच्या अपोलो छायाचित्रांतही ते याच कारणाने नाहीत.

खिडक्या. अंतराळातलं ऊन सुमारे १,३०,००० लक्स, चांगल्या उजेडाची खोली ५०० लक्स. हिशोबाने खिडकीची एमिशन (तिचा स्वतःचा उजेड) ०.००५च्या आत येते आणि उन्हातल्या बाजूला ती दिसणारच नाही. इथे ०.०५ ठेवली आहे. ही साडेतीन स्टॉपची सवलत मला मान्य आहे, त्यापुढे नाही. सावलीतल्या बाजूला कवच ०.००७च्या आसपास असतं, तिथे याच खिडक्या ठळक उजळतात. एकसारख्या ओळी खोट्या वाटतात, म्हणून जॉमेट्री नोडच्या 'रँडम पर आयलंड'वरून (मेशच्या प्रत्येक सुट्या तुकड्याला वेगळा यादृच्छिक आकडा) साधारण निम्म्या बंद, उरलेल्यांत प्रकाशाचं रंगतापमान २७०० ते ५००० केल्व्हिन. मटेरियलमध्ये एमिशन सॅम्पलिंग 'नन' करा. खिडक्या शेकडो असल्या तरी कवच उजळण्यात त्यांचा वाटा नगण्य असतो, आणि सॅम्पल उगीच तिकडे खर्च होतात.

कवचावर लिहिलेल्या यानाच्या नावावर पडणारे फ्लड दिवे स्पॉट लाइटचे: रेडियस ०.०५ मीटर, कोन ६०, ब्लेंड ०.६, कवचापासून ३ मीटर. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, आणि हीच झपाट्याची घट दिवा छोटा व यान मोठं असल्याचं सांगते. एका प्रचंड दिव्याऐवजी आठ लहान घ्या. दिवा त्याच्या खोबणीच्या मेशमध्ये अडकला तर काळा ठिपका पडतो. त्या मेशची शॅडो रे व्हिजिबिलिटी बंद करा. वॉट नजरेने लावू नका, फॉल्स कलरमध्ये (उजेडाची पातळी रंगांनी दाखवणारं दृश्य) बघून फ्लडचा उजेड उन्हातल्या बाजूपेक्षा एक स्टॉप खाली ठेवा. यानाचे दिशादर्शक दिवे वेगळे: डाव्या बाजूचा लाल, उजव्या बाजूचा हिरवा.

तिरप्या उन्हाचा एक ठरलेला त्रास: नळकांडी भागांवर उजेड-अंधाराच्या सीमेवर पायऱ्यांसारखे काळे दाते येतात. छटा गुळगुळीत, पण सावली खऱ्या सपाट पृष्ठांची, म्हणून. ६४ बाजूंचं नळकांडं २५६ बाजूंचं केलं की दाते जातात; मेश वाढवणं शक्य नसेल तिथे ऑब्जेक्टच्या शॅडो टर्मिनेटरचा जॉमेट्री ऑफसेट थोडा वाढवा.

रेंडर पाच लाइट ग्रुपमध्ये (प्रत्येक प्रकाशस्रोताचं वेगळं चित्र, शेवटी त्यांची बेरीज): सूर्य, ग्रह, फ्लड, खिडक्या, इंजिन. फाइल मल्टिलेयर ईएक्सआर, म्हणजे अनेक थरांची. डीनॉइझ (चित्रातले दाणे काढणं) बेरजेच्या आधी, प्रत्येक ग्रुपवर वेगळा, अल्बेडो आणि नॉर्मल (पृष्ठाचा रंग आणि दिशा सांगणारे) पास जोडून; नाहीतर दोन पिक्सेलच्या खिडक्या तो डाग समजून पुसून टाकतो. नॉइझ थ्रेशोल्ड ०.००५. ग्लेअर (उजेडाभोवतीची चमक) फक्त इंजिनच्या ग्रुपवर, तोही फॉग ग्लो, अगदी थोडा.

इंजिनचा गाभा अजून व्हायचा आहे. नॉझलच्या आत गोल एरिया लाइट, स्प्रेड ९० अंश, एवढं ठरलंय. शुद्ध निळा रंग घेतला तर तो सपाट पडतो, म्हणून तिन्ही चॅनेलमध्ये थोडं मूल्य ठेवून सुरुवात करणार आहे.