भावाला वृद्धाश्रमातून घरी आणलं, त्याची हकिगत

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा. विहिरीच्या कामावर क्रेनवरून पडला, मणका मोडला, कमरेखालचं सगळं गेलं. आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की आमच्या धारूर-केजकडची गावं रिकामी होतात, मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मी सासरी, लेकरं लहान. त्याच्याकडं बघणार कोण? ओळखीतून तालुक्याजवळच्या एका वृद्धाश्रमानं त्याला ठेवून घेतलं. प्रवेश साठीच्या पुढच्यांनाच. आमची नड बघून घेतलं.

तिथली माणसं मायेची होती. पण मणक्याच्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, वेळच्या वेळी नळी घालून लघवी काढावी लागते. रात्री एकच मावशी, तिनं किती जणांचं करायचं? संक्रांतीला गेले तर त्याच्या माकडहाडावर जखम. वरून रुपयाएवढी, आत बोट जाईल एवढी खोल. तो म्हणाला, “अक्का, इथं मला सगळे बाळ म्हणतात. मला घरी ने.”

व्यवस्थापक म्हणाले, वडिलांनी ठेवलं, वडिलांनीच न्यावं. वडील कारखान्याच्या तळावर, मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे, फिटल्याशिवाय हलता येईना. तेव्हा दिव्यांगांचं काम करणारे एक दादा भेटले. त्यांनी विचारलं, पोरगा सज्ञान आहे ना? मग वडिलांची सही कशाला? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५ त्यांनी वाचून दाखवलं: दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर होऊ नये हे सरकारनं बघायचं. भावाचे हात चांगले आहेत. त्यानं स्वतः अर्ज लिहिला, खाली सही केली, पोच घेतली. त्यावर त्याला सोडलं. अशा घरातल्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं, म्हणून एवढं लिहितेय.

पुढचं कागदांचं. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरला, तपासणीला जीपमध्ये गादी टाकून अंबाजोगाईला नेलं. प्रमाणपत्र हाती आल्यावर तहसीलला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला आधीच काढून ठेवा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. त्यातून खुर्ची आत जाईल असं रुंद दाराचं संडास मागितलंय, ग्रामसेवक हो म्हणालेत.

जखम भरत आलीय. पण यंदा आई तोडीला जाणार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. वडील एकटे गेले तर अर्धा कोयता, उचलही तेवढीच कमी. निराधार योजनेच्या अनुदानात ती खोट भरून निघत नाही, आणि आईनं रात्री उठून त्याला वळवणं हेही कामच आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. त्यासाठी जिल्ह्याला अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही. कुणाला तो मिळाला असेल तर कोणते कागद लावले तेवढं कळवा.