चौथं चॅनल सापडलं! (पोटमाळा लॅब, भाग ७)

१२५.७.

रविवारी पहाटे दीड वाजता प्रॉक्समॉक्सच्या (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) पानावर रॅमचा हा आकडा उमटला आणि मी आनंदाने उठून उभा राहिलो. आमच्या पोटमाळ्याची उंची साडेचार फूट. टेंगूळ अजून आहे. १६ जीबीच्या आठ रॅम स्टिक भरल्या की तिथे १२८ न दिसता १२५.७ दिसतं (थोडी रॅम सिस्टिमच राखून ठेवते), हे तुम्हाला सांगायला नको. मला मात्र गेले १९ दिवस बहुतेक वेळा ९४.२ दिसत होतं.

गिरणी विकली हे मागच्या भागात सांगितलं होतंच. डेलच्या आर७२० या रॅक सर्व्हरला आईने ठेवलेलं ते नाव. तो बिचारा डेटा सेंटरच्या थंड खोलीसाठी बनलेला. त्याला गिरगावातल्या चाळीच्या पोटमाळ्यावर चढवला ही चूक माझी. आवाजाची सवय झालीही असती, पण वॅटमीटरने डोळे उघडले. दोन सीपीयू, चार डिस्क, एकही व्हीएम चालू नाही, तरी १३८ वॅट. चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला ९९ युनिटं. आमचं घर एरवी २२० युनिटांत भागतं. त्यात ९९ मिळवले की बेस्टच्या बिलात ३०० चा टप्पा ओलांडला जातो, आणि पुढची युनिटं वरच्या दराने लागतात. फुकटात मिळालेला सर्व्हर दर महिन्याला असा भाडं मागत होता.

म्हणून एचपीचा झेड४४०. एकच सॉकेट, आठ रॅम स्लॉट, टॉवर, त्यामुळे मोठे आणि सावकाश फिरणारे पंखे. डेलचा टी५८१० त्याच पिढीतला. तो आधी बरा मिळाला असता तर तोच घेतला असता. माझं मत एकच: घरी ठेवायचं असेल तर रॅकच्या डब्याऐवजी वर्कस्टेशन घ्या. आत तेच झिऑन (इंटेलचे सर्व्हरवाले सीपीयू), तीच ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम, आणि रात्री झोप लागते. सर्व्हरसाठीची ही रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉपला चालत नाही म्हणून जुन्या बाजारात तिला गिऱ्हाईक कमी, म्हणून ती स्वस्त. निदान होती. माझ्या आठ स्टिक मी २०२५ च्या उन्हाळ्यात घेतल्या. वर्षअखेरीला भाव चढले तेव्हा ज्या मित्राने मला 'एवढी रॅम कशाला रे' विचारलं होतं, त्यालाच मी फोन केला. मुद्दाम.

मशीन लॅमिंग्टन रोडच्या एका आतल्या गल्लीतून आणलं. काउंटरवर चालू करून दाखवलं, आत ई५-१६२० व्ही३ आणि ८ च्या दोन स्टिक. बायोसमध्ये (मशीन सुरू करणारी मूळ प्रणाली) १६ जीबी दिसली, मी खूश, दुकानदार खूश. घरी येऊन बायोस अद्ययावत केलं (व्ही४ चिप बसवण्याआधी हे जुन्या चिपवरच उरकावं लागतं, विसरू नका), मग १४ कोरवाली ई५-२६८० व्ही४ बसवली, आठही स्लॉट भरले, बटण दाबलं.

९६.

बायोस दोन स्लॉट रिकामे दाखवत होतं (बायोसमधले ९६ म्हणजेच प्रॉक्समॉक्सवरचे ९४.२). पहिली शंका अर्थातच रॅमवर. आठही स्टिक एकेक करून चालणाऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहिल्या. दर वेळी दीड मिनिट काळा पडदा, कारण हे मशीन रॅम बदलली की आधी तिची झडती घेतं. आठही निर्दोष. मग त्या दोन स्लॉटमध्ये कुठलीही स्टिक घाला, बायोसला ती दिसेना. आणि ते दोन्ही स्लॉट एकाच चॅनलचे (चॅनल म्हणजे सीपीयू आणि रॅममधला रस्ता; इथे असे चार, प्रत्येकावर दोन स्लॉट). इथे खरं तर डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. या पिढीत मेमरी कंट्रोलर सीपीयूच्या पोटात आहे. एकटा स्लॉट गेला तर स्लॉट बिघडलेला. अख्खं चॅनल गेलं तर सीपीयू, नाहीतर सॉकेट, नाहीतर बोर्डावरचा मार्ग. हे मला वाचून माहीत होतं. तरीही एक अख्खी संध्याकाळ मी स्लॉटमध्ये ब्लोअर मारत बसलो.

दुसरा संशयित नवी चिप. ती काढून जुनी १६२० परत बसवली. पुन्हा ९६. म्हणजे चिप निर्दोष. दुकानदाराच्या दोन स्टिक दुसऱ्याच चॅनलवर होत्या, म्हणून काउंटरवर काहीच कळलं नव्हतं.

मग प्रिन्सेस स्ट्रीटवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणली. चिपच्या खालच्या बाजूला एका कोपऱ्यात थर्मल पेस्टचा करडा डाग होता, तो पुसला. खाडकन १२८! आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं, आता जेव." जेवून वर आलो, सहज रीस्टार्ट केलं, ९६.

इथून पुढचे दहा दिवस मी ज्या सिद्धांतावर घालवले त्याची आता लाज वाटते. थंड असताना १२८, गरम झाल्यावर ९६, तर दोष दाबाचा. हीटसिंक एका बाजूने जास्त आवळला गेला की चिप केसभर कलते आणि त्या बाजूचे काही संपर्क सुटतात. असं होतं, हे खरं आहे. म्हणूनच स्क्रू तिरपे आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे असतात. मी चारही सैल केले, तिरपे आवळले, मग अर्धा फेरा मागे घेतला. दोन दिवस १२८! त्या आनंदात या भागाचा कच्चा मसुदाही लिहून टाकला, शीर्षक होतं 'प्रेशरच होतं'. तिसऱ्या रीस्टार्टला ९६. मसुदा खोडला.

त्या रात्री पहिल्यांदा मी सॉकेटकडे नीट पाहिलं. हे पहिल्या दिवशी करायचं होतं, मान्य. पण पोटमाळ्यावर चाळीस वॅटचा पिवळा दिवा, आणि नुसत्या नजरेने पाहिलं तर २०११ पिना म्हणजे एक चकाकणारी चटई. युक्ती अशी: डोक्यावरचा उजेड बंद करायचा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, बोर्डाच्या पातळीवर धरायचा. शेजारशेजारच्या पिना एकाच दिशेला कललेल्या असतात, त्यामुळे टोकं ओळीने सारखी चमकतात, जोंधळ्याच्या शेतावर वारा गेल्यासारखी. टॉर्च हळूहळू चारही बाजूंनी फिरवला. तिसऱ्या बाजूने पाहताना एका ओळीत एक ठिपका काळा. फोनने झूम करून फोटो काढला. एक पीन शेजारणीकडे झुकलेली, मोडलेली नाही, टोक मात्र खाली गेलेलं. थंड असताना कशीबशी चिपला टेकायची, तापमान वाढलं की सुटायची. निदान मी तरी तसं धरून चाललो आहे.

कोणी वाकवली? माझ्या आधी कोणीतरी ही चिप काढली होती हे पेस्टच्या डागावरून उघड आहे. पण मीही ती त्याच पिवळ्या दिव्यात बदलली. विकत घेतानाचे सगळे फोटो चाळले, आतले अकरा निघाले. सॉकेटचा एकही नाही. त्यामुळे दुकानदाराशी भांडायचा हक्क गेला.

पेन्सिलवाला उपाय इथे चालत नाही, हे आधीच सांगतो. मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या टोकात पीन धरून सरळ करायची, ते एएम४ सारख्या चिपांसाठी, जिथे पिना चिपवर उभ्या असतात. इथे पिना सॉकेटमध्ये, स्प्रिंगसारख्या वाकलेल्या. सरळ करायच्या नसतात, शेजारणींइतक्याच वाकड्या करायच्या असतात. माझा हात त्या दिवशी चहाच्या कपालासुद्धा स्थिर नव्हता.

तळमजल्यावरच्या आप्पांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. बोर्ड चेसिसमधून काढून, उशीच्या अभ्र्यात नव्हे, स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, त्यांच्याकडे गेलो. डोळ्याला भिंग लावून ते बराच वेळ नुसतेच बघत राहिले.

"एवढ्या टाचण्या कशाला रे?"

"दोन हजार अकरा आहेत, आप्पा."

"मोजल्यास?"

"नावातच आहे."

"मग एकीचं काय एवढं?"

चॅनल म्हणजे काय ते समजावायला लागलो, तर हाताने थांबवलं. सर्वांत बारीक चिमटा निवडला, स्वतः गॅलरीच्या कठड्याशी उजेडात बसले आणि मला म्हणाले, श्वास तिकडे घे. दोनदा हलकेच उचललं. तिसऱ्यांदा मी 'झालं' म्हणालो, तर म्हणाले, अजून पाव केस. मग टॉर्च आडवा धरून मी पाहिलं, ओळ अखंड. पैसे घेतले नाहीत. त्यांच्या फोनमधली सगळी जुनी घड्याळांची छायाचित्रं 'कुठेतरी नीट ठेवून दे' एवढंच म्हणाले, ज्यावर पुढे येतो.

रात्री सगळं परत जोडलं. १२५.७. रीस्टार्ट, १२५.७. मुद्दाम तासभर सगळे कोर तापवले, रीस्टार्ट, १२५.७. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टची एक पूर्ण फेरी शून्य चुकांनी झाली, दुसरी हे लिहिताना चालू आहे. नुसती क्षमताच परत आली असं नाही: २४०० वेगाच्या रॅमच्या एका चॅनलमागे कागदावर सेकंदाला १९.२ जीबी, म्हणजे तीन चॅनलवर ५७.६ आणि चारवर ७६.८. व्हीएमना हा फरक जाणवेल का? बहुधा नाही. मला जाणवतो.

वॅटमीटर: ६८. डिस्क झोपलेल्या नाहीत, ग्राफिक्स कार्ड साधंच (या झिऑनांना स्वतःचं चित्र काढता येत नाही, कार्ड लागतंच). महिन्याला ४९ युनिटं, घरची धरून २६९. टप्प्याच्या आत.

आता बेत. मागच्या भागात म्हटलं होतं की एलएसआयचं एचबीए (डिस्क जोडायचं कार्ड) आयटी मोडमध्ये (डिस्क जशाच्या तशा दाखवणाऱ्या) घालून डिस्क ट्रूनॅसच्या (फाइल साठवणीची प्रणाली) व्हीएमला द्यायच्या. ते कार्ड खोक्यातच आहे, आणि परवा झेड४४० च्या सी६१२ चिपसेटबद्दल वाचताना थबकलो: यात साटाचे दोन स्वतंत्र कंट्रोलर आहेत. म्हणजे बूटची एसएसडी एकावर, चारही डिस्क दुसऱ्यावर, आणि तो दुसरा कंट्रोलर अख्खा व्हीएमला देऊन टाकायचा. आयओएमएमयूच्या गटात (कुठली उपकरणं व्हीएमला एकत्रच द्यावी लागतात ते ठरवणारा गट) तो एकटा निघाला पाहिजे एवढीच अट, ते उद्या बघतो. जमलं तर एक कार्ड कमी, काही वॅट कमी, आणि त्या कार्डाच्या तापलेल्या हीटसिंकवर वेगळा पंखा बांधायची कटकटही कमी. तसंही बाजारातल्या स्वस्त ९२११ एचबीए कार्डांमध्ये अस्सल कुठली आणि नक्कल कुठली, हे सांगायची छाती माझ्यात नाही.

आणि ६८ चा आकडा वर लिहिला तेव्हापासून एक प्रश्न टोचतो आहे. चोवीस तास काय चालू लागतं? जाहिराती अडवणारं पाय-होल, घरातली उपकरणं सांभाळणारं होम असिस्टंट, आईच्या मालिका दाखवणारं जेलीफिन, आणि आता आप्पांचे फोटो. याला १४ कोर? कुबरनेटीसचा (कंटेनर चालवणारी प्रणाली) क्लस्टर मी शनिवार-रविवारच उघडतो. एका मित्राच्या एम७२०क्यू या लेनोवोच्या छोट्या डब्यावर मीटर लावलं होतं तेव्हा ९ वॅट दिसले होते, म्हणजे महिन्याला साडेसहा युनिटं. त्यातल्या आय५-८५००टी ला क्विक सिंक (व्हिडिओ रूपांतराची अंगभूत सोय) आहे, जेलीफिनचं ट्रान्सकोडिंग, म्हणजे व्हिडिओचं रूपांतर, तो हसत करेल. माझ्या झिऑनला ते कोरांच्या जोरावर रेटावं लागतं.

तेव्हा बेत बदलला, हे लिहिता लिहिताच: छोटा डबा कायम जागा, झेड४४० झोपलेला, हवा तेव्हा वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून संदेश पाठवून) उठवायचा. डिस्क मग कुठे राहणार? आप्पांचे फोटो तर छोट्या डब्यावरच लागतील, दोन प्रतींत. म्हणजे ट्रूनॅसचा सगळाच हिशेब पुन्हा मांडायचा. दोन्ही एका क्लस्टरमध्ये जोडायचा मोह होतोय, पण दोनच नोड आणि त्यातला एक झोपलेला म्हटल्यावर कोरमचं (क्लस्टरमधल्या बहुमताचं) रडगाणं सुरू होणार. मोठा झोपला की छोट्यावर काही बदलच करता येणार नाही. सध्या वेगवेगळेच ठेवतो. झेड४४० पूर्ण बंद असताना, झोपलेला नव्हे, लॅनवरून कोणी भरवशाने उठवला असेल तर बायोसमधलं कुठलं सेटिंग बदललं ते सांगा. माझा पाचपैकी तीनदाच उठतो.

शनिवारी पुन्हा लॅमिंग्टन रोड, त्या छोट्या डब्यासाठी. या वेळी खिशात स्वतःच्या दोन एसओडिम (छोट्या मशीनच्या रॅम स्टिक) आणि आडवा धरायला टॉर्च. दोन्ही स्लॉट काउंटरवरच भरून बघणार, आणि दुकानदार चालेल म्हणाला तर सॉकेटचा फोटोही काढणार.

मेमटेस्टची दुसरी फेरी ६१ टक्क्यांवर आहे. आई खालून विचारते आहे की इस्त्रीसाठी तो प्लग कधी मोकळा होणार.