नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून लॉजिस्टिक्समध्ये एमबीए : माझा अनुभव

भिवंडीच्या पट्ट्यात गोडाऊनवर काम करणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात : नोकरी न सोडता लॉजिस्टिक्सची पदवी घेता येते का, आणि घेतली तर ती चालते का? मी इन्व्हेंटरीचं काम बघत ही पदवी पूर्ण केली. घेता येते आणि चालतेही. पण अर्ज कुठे अडकतो, वेळ कशात जातो आणि शिकलेलं काय कामी येतं, हे आधी माहीत असलं तर त्रास पुष्कळ वाचतो. म्हणून तपशिलात लिहितोय.

फी भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची यादी उघडायची. तिथे विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. कोणत्या सत्रासाठी, कोणत्या अभ्यासक्रमाला आणि दूरशिक्षण की ऑनलाइन अशा कोणत्या पद्धतीला मान्यता आहे, हे तिन्ही जुळलं पाहिजे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या सूचनेची प्रत जवळ ठेवा, एचआरला दाखवायला लागते. ‘आमच्याकडे प्रवेश घ्या, परीक्षेचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या एजंटापासून मात्र लांब राहा. दूरशिक्षण फ्रँचायझीने चालवायला यूजीसीची बंदी आहे, त्यामुळे पैसे थेट विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरायचे. सीपीआयएम, सीएससीपी यांसारखी इन्व्हेंटरी आणि पुरवठा साखळीची व्यावसायिक प्रमाणपत्रं कामाच्या दृष्टीने दर्जेदार आहेत, पण ती पदवी नव्हेत. जिथे जाहिरातीत ‘पदव्युत्तर पदवी’ असं लिहिलेलं असतं तिथे ती मोजली जात नाहीत.

आता प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो आणि तो काढायला आधी एबीसी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिटच्या खात्याचा आयडी लागतो. एबीसी डिजीलॉकरमधून निघतो, तोही आधारवरच्या नावाने. गाडी अडते ती इथेच. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा, कुठे वडिलांचं नाव अर्धवट, कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिलांना तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावंच लागतं. प्रवेशाची मुदत सुरू होण्याच्या महिनाभर आधी आधार दुरुस्त करून घ्या. शेवटच्या आठवड्यात हे होत नाही.

आता वेळेचं गणित. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास. सत्राला असे पाच विषय असले तर ६०० तास, म्हणजे सहा महिन्यांच्या २६ आठवड्यांत दर आठवड्याला सुमारे २३ तास. शिफ्ट करणाऱ्या माणसाला हे जमणं अवघड आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करायला विद्यापीठं जास्तीची वर्षं देतात, ती वापरण्यात कमीपणा नाही. मी सत्रातल्या सगळ्या विषयांना नोंदणी करायचो, पण परीक्षेचा अर्ज तयारी झालेल्या विषयांचाच भरायचो. आकडेमोडीचे विषय आणि पाठांतराचे विषय अर्धे अर्धे घेतले तर एका सत्रात दम लागत नाही. संख्याशास्त्र, ऑपरेशन्स आणि फायनान्स एकाच परीक्षेला घेऊ नका.

कॅलेंडर तर भिंतीवर लावूनच ठेवा. जूनच्या परीक्षेच्या असाइनमेंटची मुदत साधारण मार्च-एप्रिलमध्ये संपते, म्हणजे नेमकी वार्षिक स्टॉक मोजणी आणि वर्षअखेरच्या डिस्पॅचच्या वेळी. डिसेंबरच्या परीक्षेची मुदत दिवाळीच्या लोडिंगमध्ये सापडते. आपल्या धंद्यात या दोन महिन्यांत रजा मागायची सोयच नसते. म्हणून असाइनमेंट फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये संपवायच्या. तेव्हा काम तुलनेने कमी असतं.

अभ्यास सोपा होतो तो रोजच्या कामातले आकडे पुस्तकातल्या सूत्रात घातल्यावर. ईओक्यू घ्या, म्हणजे एका वेळी किती नग मागवले की ऑर्डर आणि साठवणूक मिळून खर्च सगळ्यात कमी येतो तो आकडा. एका खोक्याची वार्षिक मागणी १०,००० नग, एका ऑर्डरचा खर्च ८०० रुपये, नगाची किंमत ८० रुपये आणि साठवणुकीचा खर्च किमतीच्या २० टक्के, म्हणजे नगाला वर्षाला १६ रुपये. २ गुणिले १०,००० गुणिले ८००, भागिले १६, त्याचं वर्गमूळ : १,००० नग. वर्षाला १० ऑर्डर. ताळा करायचा तो असा : ऑर्डरचा खर्च १० गुणिले ८००, म्हणजे ८,०००. साठवणुकीचा खर्च सरासरी साठा ५०० गुणिले १६, म्हणजे तोही ८,०००. दोन्ही समान आले की आकडेमोड बरोबर.

परीक्षेत मार्क जातात ते एकक चुकल्यामुळे. मागणी महिन्याची दिलेली असते, ८३३ नग, आणि साठवणुकीचा खर्च वर्षाचा. तसंच घातलं तर उत्तर २८९ येतं, आणि वर्षाच्या मागणीने ताळा केला तर तो जमत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे २० टक्क्यांचे २० रुपये धरणं. मग ८९४ येतं. हे उत्तर शंका येण्याइतकं लांबचं नसतं, म्हणून ही चूक जास्त घातक.

पुस्तक एक गोष्ट नीट सांगत नाही, ती गोडाऊनवर कळते. १,००० ऐवजी १,२०० मागवले तर काय बिघडतं? ऑर्डरचा खर्च ६,६६७, साठवणूक ९,६००, एकूण १६,२६७. वर्षाला फक्त २६७ रुपये जास्त. म्हणजे ईओक्यूच्या आसपास खर्चाचा आलेख जवळजवळ सपाट असतो, आणि गाडी १,२०० नगांनी भरत असेल तर १,२०० मागवणंच शहाणपणाचं. पॅलेटवर ४८ खोकी बसत असतील तर १,००० हा आकडा धरून बसण्यापेक्षा २१ पूर्ण पॅलेट, म्हणजे १,००८ घ्यावीत. उत्तरपत्रिकेत आकड्याखाली हे दोन ओळींत लिहिलं की परीक्षकाला दिसतं, या माणसाला विषय कळलाय.

सेफ्टी स्टॉक, म्हणजे माल संपू नये म्हणून ठेवायचा जादा साठा, हा माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमातला सगळ्यात उपयोगाचा धडा. रोजची सरासरी मागणी ४०, तिचं प्रमाण विचलन (म्हणजे चढ-उताराचं माप) १०, माल यायला ९ दिवस, आणि ९५ टक्के वेळा माल संपू द्यायचा नाही. १.६५ (९५ टक्क्यांसाठीचा तक्त्यातला आकडा) गुणिले १० गुणिले ९ चं वर्गमूळ ३, म्हणजे ५० नग. पुनर्ऑर्डरची पातळी, म्हणजे साठा किती उरला की नवी ऑर्डर द्यायची तो आकडा, ९ दिवसांचे ३६० अधिक ५०, म्हणजे ४१०. इथे वर्गमूळ विसरून थेट ९ ने गुणणारे पुष्कळ. त्यांचं उत्तर तिप्पट येतं. पण खरी मेख पुढे आहे. हे सूत्र गाडी नेमकी नवव्या दिवशी येते असं धरून चालतं. गाडी तशी येते का? घाट बंद, ऑक्ट्रॉय गेला तरी शहराबाहेरची नो एंट्री, सप्लायरकडेच माल तयार नाही. माल येण्याच्या कालावधीचं विचलन २ दिवस धरा. आता ९ गुणिले १०० अधिक १,६०० गुणिले ४, म्हणजे ७,३००. त्याचं वर्गमूळ ८५.४, गुणिले १.६५ : १४१ नग. ५० चे १४१ झाले, आणि मागणी तिळभरही बदललेली नाही. आमच्याकडे माल संपला की सेल्सच्या अंदाजाला दोष दिला जायचा. ही दोन उत्तरं शेजारी शेजारी मांडल्यावर चर्चा ट्रान्सपोर्टरच्या वेळेकडे वळली, आणि ती तिथेच वळायला हवी होती.

एअर फ्रेटचं उदाहरणही असंच हाताने करून बघा. तिथे खोक्याच्या आकारमानावरूनही वजन काढतात आणि काट्यावरच्या वजनापेक्षा ते जास्त असलं तर पैसे त्याचे घेतात. ६० बाय ४० बाय ५० सेंटिमीटरचं खोकं १,२०,००० घन सेंटिमीटरचं. ६,००० ने भागलं की २० किलो. काट्यावर ते १२ किलो भरलं तरी पैसे २० किलोचे. बऱ्याच कुरिअर कंपन्या ५,००० ने भागतात, तिथे तेच खोकं २४ किलो होतं. प्रश्नात भाजक दिला नसेल तर कोणता धरला ते उत्तरात लिहा.

अभ्याससाहित्य मुळात चांगलं असतं, पण काही प्रकरणं जुनी राहतात. कायदे आणि नियम स्वतः तपासून समासात लिहून ठेवायची सवय लावा. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला आणि जकात, प्रवेशकर हे सगळे धडे इतिहासजमा झाले. इनकोटर्म्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारात खर्च आणि जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या अटी, २०२० च्या आवृत्तीत ११ आहेत, डीएटी (टर्मिनलवर डिलिव्हरी) च्या जागी डीपीयू (ठिकाणी उतरवून डिलिव्हरी) आली, आणि सीआयपी (वाहतूक व विमा विक्रेत्याचा) मध्ये विम्याचं संरक्षण वाढवलं, सीआयएफ (समुद्रमार्गे किंमत, विमा, भाडं) मध्ये मात्र पूर्वीइतकंच ठेवलं. हा फरक परीक्षेत विचारण्याजोगा आहे. पीएम गतिशक्ती या पायाभूत सुविधांच्या राष्ट्रीय आराखड्याची तारीख १३ ऑक्टोबर २०२१, राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाची १७ सप्टेंबर २०२२. ई-वे बिल, म्हणजे जीएसटीत माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन दस्तऐवज, त्याची मुदत १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालासाठी २०० किलोमीटरला एक दिवस झाली, आधी ती १०० किलोमीटरला होती. ८१० किलोमीटरच्या प्रवासाला त्यामुळे पाच दिवस मिळतात, आणि पहिला दिवस मोजला जातो तो बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. मुदत वाढवायची तर संपण्याच्या आधीचे आणि नंतरचे आठ-आठ तास एवढीच खिडकी असते. हे डिस्पॅचवाल्याला पाठ असतं, पुस्तकावर विसंबणाऱ्याचं चुकतं.

इंग्रजी उताऱ्यांची धास्ती मराठी माध्यमातून आलेल्यांना असते. एक परिच्छेद वाचायचा आणि शेजारी मराठीत एका ओळीत त्याचा अर्थ लिहायचा, एवढं केलं तरी पुरतं. परीक्षेत भाषेच्या सफाईपेक्षा व्याख्या, आकृती, उदाहरण हा क्रम मार्क देतो. खरी अडचण हाताची असते. दिवसभर स्कॅनर आणि कीबोर्ड वापरणाऱ्याला तीन तास सलग लिहिणं झेपत नाही. पाच प्रश्न असतील तर एकाला जास्तीत जास्त ३५ मिनिटं येतात. म्हणून असाइनमेंट हातानेच लिहा आणि घड्याळ लावून लिहा. इंटरनेटवरून विकत मिळणाऱ्या तयार असाइनमेंट उतरवणाऱ्यांचा सराव होत नाही, आणि एकाच मजकुराच्या दहा वह्या तपासनीसाला लगेच ओळखू येतात.

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी सुपरवायझरला मेल करा आणि शिफ्ट बदलून देणाऱ्या सहकाऱ्याचं नाव त्यातच लिहा. बदली माणूस ठरलेला असला की रजा सहसा नाकारली जात नाही.

प्रोजेक्टला मात्र सगळ्यांत जास्त वेळ ठेवा. प्रस्ताव परत येतो तो बहुधा विषय फार मोठा घेतल्यामुळे. ‘अमुक कंपनीतील पुरवठा साखळीचा अभ्यास’ असं लिहिलं की तो परत आलाच. ‘एका गोडाऊनमध्ये माल उतरल्यापासून रॅकवर जाईपर्यंतचा वेळ’ असा अरुंद विषय मंजूर होतो आणि पूर्णही होतो. मार्गदर्शकाची पात्रता विद्यापीठाच्या नियमात बसते का ते आधी बघा, त्यांचा सही केलेला बायोडेटा जोडा, आणि कंपनीकडून आकडे वापरायची लेखी परवानगी घ्या. ग्राहकांची नावं क, ख, ग अशी बदलून टाका.

आकडे गोळा करताना सिस्टिमवर आंधळेपणाने विश्वास ठेवू नका. गाडी गेटवर आली तो वेळ सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये असतो, डॉकवर लागली तो इनवर्डच्या फळ्यावर, आणि जीआरएनचा, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीचा, वेळ सॉफ्टवेअरमध्ये. तिन्ही शेजारी मांडले तर वेगळंच चित्र दिसतं. दुपारी एकला उतरलेल्या आणि चारला उतरलेल्या दोन्ही गाड्यांचा जीआरएन संध्याकाळी सातचा, कारण ऑपरेटर शिफ्ट संपताना सगळ्या पावत्या एकदम टाकतो. सॉफ्टवेअर म्हणतं उतरवायला सहा तास लागले, प्रत्यक्षात माथाडी टोळीने गाडी दोन तासांत मोकळी केलेली असते. दोष कामगारांचा नसून पावती टाकण्याच्या पद्धतीचा आहे, हे तीन स्तंभांच्या तक्त्याने सिद्ध होतं. दोन आठवड्यांच्या सगळ्या गाड्यांचे वेळ हाताने नोंदवा, सोयीच्या गाड्या निवडू नका. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न नमुना कसा निवडला हाच येतो.

निकालानंतरही थोडं काम उरतं. असाइनमेंट जमा केलेली असूनही गुणपत्रिकेत तिचे मार्क न दिसणं हा दूरशिक्षणात वारंवार येणारा अनुभव आहे, कारण अभ्यासकेंद्रातून मुख्यालयात गुण जाताना नोंद राहून जाते. जमा केल्याची शिक्का मारलेली पावती, अपलोडचा स्क्रीनशॉट आणि वहीच्या पहिल्या व शेवटच्या पानाचा फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. अर्जासोबत हे जोडलं तर गुण चढतात. सगळे गुण चढल्यावर लगेच तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, कारण मूळ पदवी दीक्षांत समारंभानंतरच हातात येते आणि बढतीची फाइल तोवर थांबत नाही.