अंध ज्युदो : कार्ड, डोळ्यांची फाइल आणि पकड (माझा अनुभव)

आमच्याकडे पालक येतात ते बहुधा अपंगत्वाच्या टक्केवारीचा आकडा घेऊन. ‘पंचाहत्तर टक्के आहे, स्पर्धेला चालेल ना?’ मी आधी विचारतो की अपंगत्व कोणतं. ज्युदोत सगळी वाट या उत्तरावर ठरते.

पॅरालिम्पिकमधलं ज्युदो फक्त दृष्टिबाधितांसाठी आहे. १९८८ ला सोलमध्ये पुरुषांसाठी ते सुरू झालं, महिलांसाठी २००४ ला अथेन्समध्ये. हात किंवा पाय नसलेल्या, पोलिओ झालेल्या खेळाडूला या रस्त्याने पॅरालिम्पिक गाठता येत नाही. हाताचं अपंगत्व असेल आणि लढतीचाच खेळ हवा असेल, तर पॅरा तायक्वांदोकडे जावं, म्हणजे वर्षं वाया जात नाहीत. कर्णबधिरांची वाट वेगळी, डेफलिम्पिक्सची. तिथे २००९ च्या तैपेई स्पर्धेपासून ज्युदो आहे. चांगल्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल लागते, आणि लढतीत श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये कौशल्याच्या पातळीनुसार गट करून खेळवतात. भारतात अंध आणि पॅरा ज्युदोचं काम लखनौची इंडियन ब्लाइंड अँड पॅरा ज्युदो असोसिएशन बघते. राष्ट्रीय स्पर्धेत अंध आणि कर्णबधिर दोघांच्या लढती असतात, त्यामुळे एकाच पथकात दोन्ही प्रकारची मुलं दिसतात. त्यांचे कागद मात्र पूर्ण वेगळे. पुढचं सगळं दृष्टिबाधितांबद्दल आहे.

यूडीआयडी, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्र, हवंच. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, सरकारी रुग्णालयात तपासणी होते, मग कार्ड येतं. पण हे कार्ड म्हणजे खेळातली पात्रता नव्हे, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. २०१६ च्या कायद्यानुसार चष्मा लावून चांगल्या डोळ्याची नजर ३/६० (इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरून दिसणं) पेक्षा कमी किंवा दृष्टिक्षेत्र (समोर बघताना आजूबाजूचं जेवढं दिसतं ते) १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व धरतात. ६/१८ च्या खाली, ३/६० पर्यंतची नजर अल्पदृष्टीत मोडते. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत, अशा माणसाला ३० टक्के मिळतात. तो ज्युदोच्या कोणत्याही दृष्टिबाधित वर्गात बसत नाही.

आंतरराष्ट्रीय वर्गवारी ‘इब्सा’ ही अंधांच्या खेळांची जागतिक संघटना करते. २०२१ अखेरपर्यंत बी-१ (पूर्ण अंध) ते बी-३ (त्यातल्या त्यात जास्त नजर) असे तीन वर्ग होते, पण तिघेही एकाच वजनगटात एकमेकांशी लढत. अजिबात न दिसणाऱ्याचा त्यात तोटा होता. १ जानेवारी २०२२ पासून जे-१ आणि जे-२ हे दोन वर्ग आले आणि त्यांची पदकंही वेगळी झाली. जे-१ मध्ये पूर्ण अंध आणि जवळजवळ अंध, जे-२ मध्ये थोडीफार नजर असलेले. महत्त्वाचं हे की जे-२ ची नजरेची अट जुन्या बी-३ पेक्षा कडक आहे. चाळीस टक्क्यांचं कार्ड हातात आहे, ६/६० दिसतं आणि दृष्टिक्षेत्र शाबूत आहे, असा मुलगा राज्यात खेळला तरी पुढे वर्गवारीत बाहेर जातो. हे त्याला पहिल्याच महिन्यात सांगावं. तीन वर्षं घाम गाळल्यावर परदेशात, वर्गवारीच्या खोलीत कळणं फार वाईट.

म्हणून ज्युदोगी (ज्युदोचा पोशाख) घेण्याआधी डोळ्यांची फाइल उघडावी. इब्साचा वैद्यकीय निदान अर्ज असतो. तो नेत्रतज्ज्ञानेच, इंग्रजीत, सही-शिक्क्यासह भरायचा. जनरल फिजिशियनची सही चालत नाही. निदान, आजार कधी सुरू झाला, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू औषधं, चष्म्यासह आणि चष्म्याविना दोन्ही डोळ्यांची नजर, हे सगळं त्यात येतं. अर्ज वर्षापेक्षा जुना नसावा, त्यामुळे तो फार आधी भरून ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या केसपेपरच्या प्रती मात्र आधीपासून गोळा कराव्यात. लहानपणी शस्त्रक्रिया झालेलं रुग्णालय बंद पडलेलं असतं, कागद गावाकडच्या ट्रंकेत असतात, आणि ते मिळेपर्यंत महिना जातो.

सगळ्यात जास्त चुकते ती दृष्टिक्षेत्राची चाचणी. नजर बरी पण क्षेत्र आकसलेलं, असं रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारात नेहमी असतं. अशा खेळाडूची पात्रता याच चाचणीवर उभी राहते. आपल्याकडे ‘फील्ड टेस्ट’ सांगितली की केंद्रात सवयीने काचबिंदूसाठीची २४-२ किंवा ३०-२ करून देतात. ती मधल्या भागापुरतीच बघते. क्षेत्राची बाहेरची हद्द त्यात दिसत नाही, आणि वर्गवारी करणाऱ्यांना तीच हवी असते. म्हणून डॉक्टरांना चिठ्ठी लिहूनच मागावं : पूर्ण क्षेत्राची, ८० किंवा १२० अंशांची चाचणी, हम्फ्री, ऑक्टोपस किंवा गोल्डमन यंत्रावर. शिवाय आजारानुसार मधल्या भागाची. मूळ छापील आलेख जोडायचा. ‘क्षेत्र आकसलेलं आहे’ एवढ्या एका ओळीच्या दाखल्याला किंमत नाही.

दुसरी अडचण ‘डोळा दिसायला चांगला’ असलेल्यांची. मज्जातंतूचा किंवा मेंदूचा दोष असेल तर नेत्रपटल (डोळ्याचा आतला पडदा) निरोगी दिसतं, मग नजर एवढी कमी का, हे पुराव्याने दाखवावं लागतं. नेत्रपटलाच्या आजारात ओसीटी (पडद्याचा स्कॅन) आणि ईआरजी (पडद्याची विद्युत चाचणी), दृष्टीच्या मज्जातंतूसाठी व्हीईपी (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची चाचणी), मेंदूशी संबंध असेल तर एमआरआय. ईआरजी सगळीकडे होत नाही. मोठ्या शहरातल्या नेत्ररुग्णालयात आधी वेळ घ्यावी लागते.

हे कागद राष्ट्रीय संघटनेमार्फत इब्साच्या ऑनलाइन नोंदणीत चढतात. खेळाडू स्वतः थेट नाव घालू शकत नाही. पासपोर्टवरचं नाव, यूडीआयडीवरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षरशः एक हवं. मधलं नाव, आडनाव पुढे-मागे झालं तरी पत्रव्यवहार वाढतो, आणि आपल्या वडिलांचं नाव मध्ये घालण्याच्या पद्धतीमुळे महाराष्ट्रातल्या मुलांचं हे हमखास होतं.

प्रत्यक्ष वर्गवारीत तज्ज्ञांचं पथक कागद बघून स्वतः नजर मोजतं. सोबत एक माणूस नेता येतो, पण त्याने उत्तरं सुचवायची नाहीत. रोज चष्मा किंवा लेन्स वापरत असाल तर ती न्यायची आणि सांगायची, कारण मोजमाप सर्वोत्तम चष्म्यासहच होतं. मुलांना मी एकच गोष्ट बजावतो : जेवढं दिसतं तेवढंच सांगा. कमी दिसण्याचं सोंग केलं तर चाचण्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि हेतुपुरस्सर फसवणुकीची शिक्षा बंदीची असते. निकालात वर्गाबरोबर दर्जाही येतो. कायम दर्जा मिळाला तर पुन्हा तपासणी नाही, पुनर्तपासणीचा मिळाला तर पुढच्या वेळी परत सगळं.

फाइल तयार होत असतानाच औषधांची यादी काढावी. याकडे प्रशिक्षकही दुर्लक्ष करतात. काचबिंदूच्या डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड थेंबांना उत्तेजक नियमांत सूट आहे. त्याच कुळातली अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी, आपल्याकडे डायमॉक्स म्हणून ओळखतात ती, बंदी असलेल्या लघवी वाढवणाऱ्या औषधांत येते. काचबिंदूचंच दुसरं औषध टिमोलॉल नेमबाजी, तिरंदाजीत बंद आहे, ज्युदोत नाही. डोळ्याच्या सुजेवर स्टेरॉइडचे थेंब चालतात, पण प्रेडनिसोलोनच्या गोळ्या स्पर्धाकाळात बंद. गोळी टाळता येत नसेल तर उपचारापुरत्या सवलतीचा अर्ज नाडाकडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) आधी करायचा. यादी दर १ जानेवारीला बदलते. त्याच भेटीत डॉक्टरांना हेही विचारावं की या डोळ्याला आपटणं आणि गळा आवळला जाणं झेपेल का. जास्त मायोपिया (मोठा उणे नंबर), पूर्वी सुटलेला पडदा, डोळ्यात बसवलेली नळी अशा ठिकाणी उत्तर ‘नाही’ येऊ शकतं, आणि ते मानावं.

आता मॅट. नियमांतला मोठा फरक एकच, पण त्याने सगळा सराव बदलतो. पंच दोघांना मध्यभागी आणतात आणि पकड धरवूनच लढत सुरू होते : डाव्या हाताने समोरच्याची उजवी बाही, उजव्या हाताने त्याच्या कॉलरची डावी बाजू. ‘हाजिमे’ (सुरू करा) म्हणेपर्यंत ओढायचं नाही. पकड पूर्ण सुटली की ‘माते’ (थांबा), पुन्हा मध्यभागी, पुन्हा पकड. गुण कोणाला, मॅटची कड जवळ आली का, हे पंच तोंडाने सांगतात. पकड मिळवण्याची झटापटच नसल्याने पहिल्या सेकंदापासून फेक येऊ शकते. कपिल परमारने ५ सप्टेंबर २०२४ ला पॅरिसमध्ये ६० किलो, जे-१ गटात ब्राझीलच्या खेळाडूवर कांस्यपदकाची लढत ३३ सेकंदांत संपवली. ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक पदक.

डोळस मुलांच्या क्लबात सराव करणाऱ्या अंध खेळाडूचं नुकसान इथेच होतं. डोळस जोडीदार पकड तोडून दूर जातो, फिरून येतो, आणि रांदोरीचा (मोकळ्या सराव लढतीचा) निम्मा वेळ त्याला शोधण्यात जातो. जोडीदाराला सांगून ठेवावं : पकड लावूनच सुरू, सुटली की थांब. त्यातही पहिल्या दहा सेकंदांचे तुकडे वेगळे करावेत. पाच-सहा वेळा फक्त पकड, हाजिमे, एक हल्ला किंवा एक बचाव, आणि परत. समोरच्याच्या बाहीतून त्याचं वजन कोणत्या पायावर आहे हे कळायला लागलं की पुढचं सोपं होतं. डावखुऱ्याने उजव्या पकडीतून सुरुवात करायची सवय लावावी. जमिनीवरच्या कामाला जास्त वेळ द्यावा, कारण तिथे स्पर्श तुटत नाही, आणि २० सेकंद दाबून धरलं की इप्पॉन, म्हणजे लढत जिंकणारा पूर्ण गुण, आहेच. उकेमी (सुरक्षित पडण्याचं तंत्र) मात्र रोज. पडण्याचा क्षण न दिसणाऱ्याला डोळस मुलापेक्षा उशिरा कळतो, म्हणून हनुवटी छातीला लावणं विचार न करता व्हायला हवं. कड ओळखण्यासाठी मॅटखाली दोरी घालतात. सरावात ठीक, स्पर्धेत ती नसते.

ज्युदोगी पांढरी आणि निळी, दोन्ही. सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतं, म्हणून आखूड माप घेऊ नये. हात समोर ताणल्यावर बाही मनगटाच्या हाडापर्यंत यायलाच हवी, आणि आत हवा खेळेल एवढी रुंद. प्रतिस्पर्ध्याला बाही धरता आली नाही तर या प्रकारात लढतच सुरू होत नाही, त्यामुळे तपासणीत सूट मिळत नाही. परदेशी स्पर्धेला आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्य केलेली ज्युदोगी विचारतात.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकसाठी वजनगट कमी केले होते : पुरुषांचे ६०, ७३, ९० आणि ९० वरील, महिलांचे ४८, ५७, ७० आणि ७० वरील. आधीचा ६६ चा खेळाडू यात अधांतरी राहिला. सहा किलो उतरवणं म्हणजे शरीराचे नऊ टक्के, ते पाणी तोडून करू नये. वाढत्या मुलाला वरच्या गटाकडे न्यावं. गट बदलत राहतात, म्हणून ताज्या परिपत्रकावरच ठरवावं.

प्रवासाचं थोडक्यात. रेल्वेची ७५ टक्क्यांपर्यंतची सवलत पूर्ण अंधांना आणि त्यांच्या सोबत्याला आहे, अल्पदृष्टीला नाही. म्हणजे एकाच संघातल्या जे-२ च्या मुलाचं पूर्ण तिकीट हिशेबात धरा. मुलींसोबत महिला मदतनीस द्यावी, शक्यतो ज्युदो खेळलेली.

स्पर्धा संपली की प्रमाणपत्राबरोबर सही-शिक्क्याचा ड्रॉ (कोण कोणाशी लढलं याचा तक्ता) आणि निकालपत्रक मागून घ्यावं. गटात किती खेळाडू होते हे प्रमाणपत्रावर नसतं. नोकरीतल्या क्रीडा आरक्षणासाठी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे पडताळणीला जाताना हेच कागद शोधावे लागतात. संघटनेला ते लगेच मागितले तर मिळतात, तीन वर्षांनी कोणाकडेच नसतात.